एकट्याने ईशान्येला: मेघालय की नागालँड?

ईशान्येला एकट्याने जायचं ठरवणाऱ्यांचा पहिला बेत बहुतेक वेळा असा असतो: दहा दिवसांत काझीरंगा, शिलाँग, चेरापुंजी, तवांग आणि जमलंच तर कोहिमा. नकाशावर ही नावं एकमेकांना चिकटलेली दिसतात, पण गुवाहाटीहून तवांगला नुसतं पोहोचायलाच दोन दिवस मोडतात. त्यामुळे आधी एक राज्य निवडावं हे बरं. खाणं आणि भटकंती दोन्ही हवं असेल, तर माझ्या मते निवड दोन ठिकाणांत आहे: मेघालयातले खासी डोंगर आणि नागालँडमधला कोहिमाचा परिसर. शिलाँग आणि कोहिमा दोन्ही साधारण दीड हजार मीटरच्या आसपास, दोन्हीकडे पानात डुकराचं मांस, दोन्हीकडे रविवारी चर्च. तरीही प्रवास अगदी निराळे. मेघालय कोणाशी फारसं न बोलताही बघून होतं. नागालँडमध्ये कोणी तुम्हाला आपल्या चुलीपाशी बसवलं नाही, तर निम्मं राज्य बघायचं राहूनच जातं.

पोहोचायचं कसं

मेघालय इथे सरळ जिंकतं. मुंबईहून गुवाहाटीला थेट विमान मिळतं, तिथून शिलाँग सुमारे १०० किलोमीटर, साधारण तीन तास. शेअर सुमो मिळतात, रस्ता चांगला, वाटेत उमियमचा तलाव लागतो. भारतीयांना परवाना लागत नाही. सकाळी मुंबई सोडली तर अंधार पडायच्या सुमारास तुम्ही शिलाँगच्या पोलीस बाजारात मोमो खात असाल.

नागालँडला इनर लाइन परमिट लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, अवघड काही नाही, पण तो निघायच्या आधी करायचा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवायची. गुवाहाटीहून रेल्वेने दिमापूर पाच-सहा तास, तिथून कोहिमा साधारण ७० किलोमीटर. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात, तेव्हा वेळेचा हिशेब धरू नये. दिमापूरला विमानतळ आहे, पण मुंबई-पुण्याहून जाताना बहुधा विमान बदलावं लागतं. एकूण, नागालँडला एक दिवस जास्तीचा धराच.

बघायचं काय

डोळ्यांचंच सुख हवं असेल तर मेघालयासमोर कोणी टिकत नाही. सोहरा, म्हणजे आपलं शाळेतलं चेरापुंजी, शिलाँगपासून ५४ किलोमीटरवर. तिथला नोहकालिकाई धबधबा ३४० मीटरवरून एका उडीत खाली येतो. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर बहुतेक वेळ समोर धुक्याची पांढरी भिंत असते आणि धबधब्याचा नुसता आवाज येतो. पाणीही हवं आणि दिसायलाही हवं, तर ऑक्टोबर गाठावा. दावकीच्या उमंगोट नदीचं उलट आहे. होडी हवेत तरंगते आहे असे जे फोटो फिरतात ते हिवाळ्यातले. पावसाळ्यात तीच नदी गढूळ असते.

नोंगरियाटचा दुमजली मुळांचा पूल मात्र चुकवू नका. रबराच्या झाडाची मुळं पिढ्यानपिढ्या वळवून, बांधून हे पूल वाढवलेले आहेत. तिर्ना गावातून खाली उतरायला तीन हजारांवर पायऱ्या आहेत आणि त्याच परत चढायच्या असतात. राजगड-तोरणा करणाऱ्यांना दमछाकीचं विशेष वाटणार नाही, गुडघे तेवढे बोलतात. गर्दी सकाळी उतरते आणि दुपारी वर जाते, म्हणून एकट्या माणसाने खाली गावातच मुक्काम करावा. संध्याकाळी पूल तुमचा एकट्याचा असतो. जेवण साधं: भात, डाळ, अंडं. नोंदणीकृत गाईड घ्या, आणि वर ज्यांच्याकडे उतरला असाल त्यांना कुठे चाललात ते सांगून ठेवा.

मावफ्लांगची देवराई मराठी माणसाला ओळखीची वाटेल. इथेही पान-काडी बाहेर न्यायची नाही, पडलेलं फळसुद्धा नाही. आपल्याकडे कित्येक देवराया आता चार झाडांवर आल्यात. इथे आत शिरल्यावर उजेडच बदलतो.

एकट्याची खरी अडचण वेगळी आहे. मेघालयातली ठिकाणं विखुरलेली आहेत आणि व्यवस्था टॅक्सीची आहे. चौघांत वाटून परवडणारी गाडी एकट्याने केली की बजेट कोसळतं. शिलाँगच्या बडा बाजाराकडून सोहऱ्याला शेअर सुमो सुटतात, त्या स्वस्त पडतात, पण गावात सोडतात, धबधब्यापाशी नाही. पर्यटन महामंडळाच्या एका दिवसाच्या बसफेऱ्याही असतात. सोहऱ्यात दोन-तीन रात्री राहून तिथल्या तिथे फिरणं मला जास्त पटतं. शिलाँगहून रोज जाऊन-येऊन करणाऱ्यांचा अर्धा दिवस गाडीतच जातो.

कोहिमाभोवती असं 'पॉइंट' दाखवणारं फार नाही. शहराच्या मधोमध दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांचं वॉर सिमेट्री आहे. एप्रिल ते जून १९४४ या काळात जपानी फौजेला ब्रिटिश-भारतीय फौजेने इथे अडवलं. जिल्हा उपायुक्तांच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर दोन्ही फौजा अक्षरशः एकमेकांसमोर होत्या आणि त्या कोर्टाच्या रेषा आजही आखून ठेवल्यात. फलकांवरची वयं वाचत गेलात तर तास कसा जातो कळत नाही. त्याच मोहिमेत, कोहिमाच्या लढाईच्या थोडं आधी, मणिपुरातल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण लढली होती. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

कोहिमापासून २० किलोमीटरवर खोनोमा हे अंगामी नागांचं गाव आहे. १८७९ मध्ये इंग्रजांशी लढलेलं. याच शिकारी गावाने १९९८ मध्ये आपल्या जंगलात शिकार बंद करून ट्रॅगोपान पक्ष्यासाठी अभयारण्य केलं. खाली पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, वर दगडी वाटा आणि घरांपुढे रचून ठेवलेलं सरपण. दोन तासांत 'बघून' निघणाऱ्यांना इथे काही मिळत नाही. रात्र काढावी लागते. झुकू खोरं साधारण २,४५० मीटरवर आहे. झुकूच्या लिली जून अखेर ते जुलैत फुलतात, म्हणजे भर पावसात. हिवाळ्यात खोरं पिवळं पडतं आणि पहाटे दव गोठतं. हा ट्रेक एकट्याने करू नये, वाटाड्या घ्यावा किंवा होमस्टेत दुसरे कोणी निघतायत का ते विचारावं. खोरं मणिपूरच्या हद्दीला लागून आहे. मे २०२३ मध्ये मणिपुरात पेटलेला वांशिक संघर्ष पाहता कोहिमाहून 'तसंच पुढे इंफाळ' असा बेत स्थानिकांना विचारल्याशिवाय आखू नये.

खायचं काय

इथे माझं पारडं नागालँडकडे झुकतं, पण एकटं खायची सोय मेघालयात जास्त चांगली आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिलाँगमध्ये जादोहच्या टपऱ्या म्हणजे एकट्यासाठीच केलेली रचना. एक लांब बाक, पुढे फळी, काचेमागे पातेली. पातेली चालवणारी बाई असते, तिला 'कॉंग' म्हणायचं. बोट दाखवलं की ती ताटलीत वाढते: जादोह, म्हणजे डुकराच्या मांसाबरोबर, कधी त्याच्या रक्तात शिजवलेला भात. बाजूला दोहनेइयाँग, काळ्या तिळाच्या दाट रश्शातलं डुक्कर. हा पदार्थ पहिल्याच दिवशी खा, म्हणजे नंतर रोज खाता येईल. दोहख्लेह म्हणजे उकडलेलं मांस बारीक चिरून कांदा, आलं, मिरचीत कालवलेलं. आणि तुंगताप, सुक्या माशाची चटणी. सुकट-जवळ्यावर वाढलेल्याला तिचा वास लगेच घरचा वाटतो, बाकीच्यांनी टोकाला लावून सुरुवात करावी. खाऊन झालं की शेजारचा क्वाय पुढे करेल: ओली सुपारी, पान, चुना. नाही म्हटलं तरी चालतं. घेतलात तर उभे राहून खाऊ नका, पहिल्यांदा घाम फुटतो आणि गरगरतं. सकाळी तांदळाच्या पिठाचं पुथारो किंवा गुळाचं पुखलेन लाल चहाबरोबर. बडा बाजारातून जैंतिया डोंगरांतली लाकाडोंग हळद आणा, करक्युमिनचं प्रमाण आपल्या नेहमीच्या हळदीच्या किती तरी पुढे असतं.

मात्र चार दिवसांनी शिलाँगची पातेली तुम्हाला पाठ होतात. नागालँडमध्ये तसं होत नाही, कारण तिथे प्रत्येक जमातीचं स्वयंपाकघर निराळं. सुमींचं अखुनी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. आओंचं अनिशी: अळूची पानं आंबवून, वाटून, वड्या करून चुलीवर धुरावलेली. अळू आपणही खातो, पण त्याचं असं काळंभोर काही होत असेल हे डोक्यात येत नाही. अंगामींचं गाल्हो, पालेभाज्या घातलेला आसट भात. तेल जवळजवळ नाही, मसाल्यांच्या पुड्या नाहीत. सगळी चव धुरातून, आंबवण्यातून, आल्या-लसणातून आणि राजा मिरचीतून येते. मिचिंगा नावाचा एक पाला चटणीत असतो, आपल्या तिरफळाच्याच कुळातला. मालवणी माणसाला पहिल्या घासाला जीभ झिणझिणली की लगेच कळेल.

खोनोमाच्या घरांत चुलीवर टांगलेली फळी बघा. खालून मांसाच्या पट्ट्या लोंबतात, दिवसेंदिवस धुरात राहून बाहेरून काळ्या कडक झालेल्या. घरमालकीण एक काढते, गरम पाण्यात धुते, सुऱ्याने तुकडे करते. पानात गुंडाळलेली अखुनी निखाऱ्यांवर शेकते आणि मगच भांड्यात टाकते. वास आधी नको वाटतो. भातावर रस्सा आला की तोच वास भूक वाढवतो. हे हॉटेलात असं मिळत नाही. कोहिमातल्या 'राइस हॉटेल'ांत भात, एक मांस, उकडलेली भाजी, चटणी असं चांगलं ताट मिळतं, पण ती वरवरची ओळख.

कोहिमाच्या बाजारात टोपल्यांतून रेशमाचे किडे, पोळ्यासकट गांधीलमाशीच्या अळ्या, गोगलगायी, पिशवीत जिवंत बेडूक असतात. फोटो विचारून काढा. विकणाऱ्या बायका तिथे तमाशा दाखवायला बसलेल्या नाहीत, हा त्यांचा रोजचा माल आहे. ताटात कसलं मांस आहे हे मोकळेपणी विचारा, कोणाला राग येत नाही.

एकट्या खवय्यासाठी एक पळवाट आहे: हॉर्नबिल महोत्सव, दरवर्षी १ ते १० डिसेंबर, कोहिमाजवळ किसामाला. प्रत्येक जमातीचा मोरुंग, म्हणजे तिचं पारंपरिक तरुणघर, आपापलं खाणं मांडतो, म्हणजे एरवी अख्खं राज्य पालथं घालावं लागेल ते एका टेकडीवर मिळतं. खोल्यांचे भाव तेव्हा अवाच्या सवा असतात आणि गाव पर्यटकांनी भरलेलं असतं. खाण्यासाठी जा, शांततेसाठी नको.

शाकाहारी असाल तर मेघालयच. शिलाँगमध्ये मारवाडी-बंगाली खानावळी आहेत. नागालँडमध्ये उकडलेल्या भाजीतही सुका मासा सापडू शकतो. होमस्टेला आधी सांगितलं तर डाळ, भात, पालेभाजी, साधं गाल्हो प्रेमाने करतात, पण आठवडाभर तेच खायचं तर निव्वळ खाण्यासाठी इतकं लांब कशाला जायचं?

संध्याकाळ, रविवार आणि एकटेपण

डिसेंबरात कोहिमात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. दुकानं लवकर मिटतात, रस्ते रिकामे होतात. संध्याकाळी सहाला काय करायचं हा प्रश्न एकट्या माणसाला खरंच पडतो. नागालँडमध्ये १९८९ च्या कायद्याने दारूबंदीही आहे. तांदळाची घरगुती झुथो पाहुण्याला देतात ती गोष्ट वेगळी. म्हणून तिथे हॉटेलपेक्षा होमस्टे, आणि तोही असा जिथे जेवण घरच्यांबरोबर होतं. शिलाँगला अंधार तेवढ्याच लवकर पडतो, पण कॅफे, बार, गाणी, पोलीस बाजारातले शेगडीवरचे मांसाचे तुकडे असं बरंच चालू असतं. एकटीने जाणाऱ्या मुलींना दोन्हीकडे वावरायला मोकळं वाटतं, असं जाऊन आलेल्या बऱ्याच जणी सांगतात. खासींमध्ये कुळ आईकडून चालतं आणि बाजारही बायकांच्या हातात असतो. रात्रीचा प्रवास मात्र दोन्हीकडे टाळाच. धोका माणसांपेक्षा घाटाचा आणि धुक्याचा.

रविवारी दोन्ही राज्यांत बरंच काही बंद असतं, आणि कोहिमात तर शुकशुकाट. शेअर सुमोही मिळेलच असं नाही. रविवारी प्रवास ठेवू नका, खोनोमासारख्या गावात असा.

आठवडा असेल, पहिल्यांदाच एकटे निघत असाल, किंवा मांस खात नसाल तर मेघालय घ्या आणि नागालँडचा मोह सोडा. आधी कुठे तरी एकटे राहून आलेले असाल, सगळं खात असाल आणि अनोळखी घरात गप्प बसून राहायची तयारी असेल तर सरळ दिमापूरची गाडी पकडा. दहा-बारा दिवस मिळाले तर दोन्ही होतात, पण आधी नागालँड करा. परमिटच्या तारखा ठरलेल्या असतात आणि दिमापूरच्या घाटाचा भरवसा नसतो. शिलाँग शेवटी ठेवलं, की परतीच्या विमानाच्या दिवशी गुवाहाटीपासून तीन तासांवरच असता.