पुरातून वाचलेलं मशीन दुरुस्तीत गेलं

जुनं शिलाई मशीन दुरुस्तीला देणार असाल तर आधी हे वाचा.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात आमच्या घरात शिरलं आणि आजीचं सिंगर पायमशीन गाळात बुडालं. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली भंगारवाले फिरू लागले. त्यांच्या मागोमाग ‘जुनी मशीनं नवी करून देतो’ म्हणणारा एकजण आला. अशी मशीनं मी स्वतःच गोळा करतो, रॉकेलने मोकळीही करतो, पण तेव्हा घर उपसायचं की मशीन? माणूस जाणकार वाटला. सोनेरी नक्षीवर लाखेचा थर असतो, त्यावर स्पिरिट चालत नाही, हे त्याने आपणहून सांगितलं. चाकाजवळचा पिवळा चिकटा नखाने खरवडून माझ्या आत्याला म्हणाला, “आत्या, खोबरेल घालत होतात ना?” (कोकणातल्या निम्म्या मशीनांचं हेच दुखणं.) साडेचार हजार ठरले, तीन आगाऊ. टेबल आणि लोखंडी स्टँड घरीच ठेवून तो नुसतं हेड, म्हणजे वरचं शिवायचं यंत्र, घेऊन गेला.

गणपतीच्या तोंडावर हेड आलं. काळंभोर, चकचकीत. आत्या खूश! मी सरकपट्टी (सुईजवळचं सरकतं झाकण) ओढली तर आत गोल बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ. आमच्या मशीनला खालचा दोरा वाहून नेणारं होडीच्या आकाराचं शटल आणि आत बारीक, लांब बॉबिन. विचारलं तर म्हणे, “काका, ते शटल आता मिळत नाही, आतला भाग बदलून दिलाय.” असं होतच नाही. लांब शटल पुढेमागे झुलतं, गोल बॉबिनची रचनाच निराळी. ती हवी तर अख्खं हेड बदलावं लागतं.

मग एकेक दिसायला लागलं. पुढच्या कडेला कापड घासून घासून आमची नक्षी पार उडाली होती. इथे ती कडेपर्यंत झगझगीत, आणि नख लावताच कोपरा उचलला गेला. स्टिकर! नंबराच्या जागी ग्राइंडरचे ओरखडे, त्यावर ‘वाय’ आणि वेडेवाकडे पाच आकडे. आजीची हप्त्यांची पावती माळ्यावरच्या ट्रंकेत कोरडी राहिली होती. तिच्यावर वाय आणि पुढे सात आकडे. ही वाय मालिका स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातली, 1921 ते 1935 मधली.

उरलेले दीड हजार मी दिले नाहीत. तो “उद्या बघतो” म्हणाला, त्यानंतर फोन बंद. पोलिसांनी पावती बघून अर्ज घेतला, पुढे काही नाही.

हेड देण्याआधी नंबराचा आणि उडालेल्या नक्षीचा जवळून फोटो काढा. शटल, बॉबिन, सरकपट्ट्या घरी काढून ठेवा. गाळ साफ करायला त्या लागत नाहीत. शटल नसलेलं हेड विकणाऱ्याला भाव कमी येतो. आणि कुणी सुईजवळ मोबाईल धरून ‘लाल पारा’ (जुन्या मशीनांत दडलेला असतो म्हणतात तो लाखमोलाचा, पण निव्वळ काल्पनिक पदार्थ) शोधू लागला तर त्याला चहासुद्धा विचारू नका. 2009 मध्ये सौदीत याच अफवेने जुन्या सिंगरच्या किमती भलत्याच चढल्या होत्या. फोन कट झाला तर पारा आहे म्हणे! मशीनमध्ये पारा कधीच नव्हता.

आमच्या हेडचा नंबर वाय 6 ने सुरू होतो आणि पुढच्या कडेची नक्षी उडालेली आहे. गुहागर, दापोलीकडे कुणी विकायला आणलं तर पैसे देण्याआधी तेवढा नंबर बघा.