'ॲनिमल फार्म' : आधी वाचावे, की पाहावे?

नववी-दहावीच्या मुलांच्या वाचनगटासाठी, किंवा अगदी स्वतःसाठीसुद्धा, जॉर्ज ऑरवेल यांचे 'ॲनिमल फार्म' निवडले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. मूळ इंग्रजी पुस्तक घ्यावे, मराठी अनुवाद घ्यावा, हालास आणि बॅचलर यांचा १९५४चा ॲनिमेशनपट दाखवावा, की दूरचित्रवाणीसाठी काढलेला १९९९चा चित्रपट? गोष्ट चारही ठिकाणी एकच आहे, तेव्हा जे हाताशी असेल ते चालेल, असे पुष्कळांना वाटते. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. दोन्ही चित्रपट आणि पुस्तक एकाच महिन्यात पुन्हा वाचले-पाहिले, तेव्हा मात्र लक्षात आले की तिन्हींचे शेवट वेगवेगळे आहेत, आणि ज्याचा शेवट बदलला त्या गोष्टीचे बोलणेही बदलले आहे.

गोष्टीचा सांगाडा थोडक्यात असा. मॅनर फार्मवरचे प्राणी दारुड्या मालकाला, जोन्सला, हाकलून देतात, कोठाराच्या डांबर फासलेल्या भिंतीवर पांढऱ्या रंगात सात आज्ञा लिहितात आणि शेत स्वतः चालवू लागतात. लिहिता-वाचता येणारी डुकरे कारभार हाती घेतात. त्यांतला नेपोलियन आपल्या प्रतिस्पर्ध्याला, स्नोबॉलला, कुत्रे अंगावर घालून पळवून लावतो. पुढे एकेक आज्ञा गुपचूप बदलत जाते आणि अखेरीस डुकरे दोन पायांवर चालू लागतात. रशियातली १९१७ची क्रांती, स्टालिन आणि ट्रॉट्स्की यांचा संघर्ष, तीसच्या दशकातले कबुलीजबाब आणि फाशीचे खटले, १९४३ची स्टालिन, चर्चिल आणि रूझवेल्ट यांची तेहरान परिषद हे सगळे त्यात जवळजवळ ओळीने येते.

हे पुस्तक ऑरवेल यांनी नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ या काळात लिहिले. त्या वेळी सोव्हिएत रशिया हा ब्रिटनचा युद्धातला मित्र असल्यामुळे ते छापायला एकामागून एक प्रकाशकांनी नकार दिला. 'फेबर' या प्रकाशनसंस्थेच्या वतीने नकार कळवणारे कवी टी. एस. एलियट यांनी तर, शेतावर साम्यवाद वाढण्याची गरज नव्हती, लोकहिताची चाड असलेली डुकरे हवी होती, अशा आशयाचे पत्र धाडले. शेवटी १७ ऑगस्ट १९४५ रोजी 'सेकर अँड वॉरबर्ग'ने ते काढले, 'एक परीकथा' या उपशीर्षकासह. अमेरिकी आवृत्तीने ते उपशीर्षक गाळले, आणि ऑरवेल हयात असताना झालेल्या अनुवादांपैकी फक्त तेलुगूने ते ठेवले. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या या लेखकाच्या बाबतीत हा योगायोग मला उगाचच आवडतो.

पहिली तुलना शेवटांची करावी लागते, कारण निवड मुख्यतः तिथेच ठरते. पुस्तकाच्या अखेरीस शेतघरात डुकरे आणि माणसे पत्ते खेळत बसलेली असतात, नेपोलियन आणि शेजारचा शेतमालक पिल्किंग्टन एकाच डावात इस्पिकचा एक्का टाकतात, भांडण पेटते, आणि खिडकीबाहेरच्या प्राण्यांना आतले डुक्कर कोणते आणि माणूस कोणता हे ओळखू येईनासे होते. पुस्तक तिथेच संपते. इसापनीतीवर वाढलेल्या मराठी वाचकाची नजर सवयीने खाली 'तात्पर्य' शोधते आणि तिथे कोरा कागद सापडतो. माझ्या मते पुस्तकाचे सगळे बळ या कोऱ्या जागेत आहे, आणि दोन्ही चित्रपटांनी नेमकी तीच जागा भरून काढली आहे.

१९५४च्या चित्रपटात आजूबाजूच्या शेतांवरचे प्राणी गोळा होतात, बेंजामिन गाढवाच्या नेतृत्वाखाली शेतघरावर चाल करून जातात आणि डुकरांची सत्ता उलथून टाकतात. हा बदल निव्वळ कलात्मक म्हणून सोडून देता येत नाही. चित्रपटाला लागलेला पैसा निर्माते लुई द रोशमाँ यांच्यामार्फत, पण मुळात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संघटनेकडून गुप्तपणे आला होता, हे नंतर उघड झाले. शीतयुद्धाच्या ऐन भरात, पूर्व युरोपातल्या जनतेने उठाव करावा असे वाटणाऱ्यांना असा शेवट सोयीचा होता. शिवाय अखेरच्या प्रसंगातून माणसे गायब झाली आहेत, म्हणजे डुकरे आणि माणसे सारखीच, हा ऑरवेल यांचा दुसऱ्या, म्हणजे भांडवलशाही बाजूला बसणारा फटका बोथट झाला.

तरीही या शेवटाला सरळ खोटे म्हणायला मी तयार नाही. डिसेंबर १९४६मध्ये अमेरिकी लेखक-संपादक ड्वाइट मॅकडोनाल्ड यांना लिहिलेल्या पत्रात ऑरवेल यांनीच म्हटले होते की, लोक जागे असतील आणि काम होताच पुढाऱ्यांना कसे हाकलायचे हे त्यांना ठाऊक असेल, तरच क्रांतीने काही बदलते. दुसरा उठाव त्यांच्या विचाराबाहेरचा होता असे त्यामुळे म्हणता येत नाही. मात्र ते पत्रात लिहिणे आणि गोष्टीत घडवून दाखवणे यांतला फरक त्यांना पुरेपूर कळत होता.

१९९९चा चित्रपट सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यानंतर आठ वर्षांनी आला आणि त्याचा शेवटही त्या काळाचाच आहे. नेपोलियनचे राज्य उठावाने न कोसळता आपल्याच वजनाखाली ढासळते, लपून राहिलेले काही प्राणी परततात, आणि मोटारीतून एक नवे, आनंदी माणसांचे कुटुंब शेताचा ताबा घ्यायला येते. मालक बदलला की प्रश्न मिटतो, हे या गोष्टीतून निघू शकणाऱ्या सगळ्या तात्पर्यांपैकी सर्वांत दुबळे तात्पर्य आहे. तीन शेवटांत हा मला सगळ्यात खटकतो.

दुसरी तुलना सहसा कोणी करत नाही, पण मला ती अधिक मोलाची वाटते: शेवटच्या प्रसंगात खिडकीतून कोण पाहते? पुस्तकात ही नजर मुख्यतः क्लोव्हर या म्हाताऱ्या घोडीची आहे. तिला सगळी मुळाक्षरे येतात, पण अक्षरे जोडून शब्द वाचता येत नाही. भिंतीवर आधी काहीतरी वेगळे होते असे तिला अंधूक आठवते, पण ते तपासायचे तर म्युरिएल शेळीला बोलावून वाचून घ्यावे लागते, आणि म्युरिएल वाचते ते नेहमी बदललेलेच असते. स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास हळूहळू उडत जाणे हा या पुस्तकाचा गाभा आहे आणि तो क्लोव्हरमध्ये आहे. १९५४च्या चित्रपटात तिच्यासाठी जागाच उरलेली नाही. बॉक्सर हा कष्टाळू घोडा आणि बेंजामिन यांच्या मैत्रीने ती व्यापली आहे आणि खिडकीशी बेंजामिन उभा आहे. त्याला सगळे वाचता येते, म्हणजे फसवणूक त्याला आधीपासून कळलेलीच असते. १९९९मध्ये हे काम जेसी या कुत्रीकडे जाते. तीच कथा सांगते. नेपोलियनने हिरावून नेलेली पिल्ले तिची आहेत, त्यामुळे तिच्या नजरेत आईचे दुःख येते, पण आज्ञा विसरण्याचा तो पेच मागे पडतो.

हाच फरक जवळून पाहायचा असेल तर आठव्या प्रकरणातला शिडीचा प्रसंग घ्यावा. चांदण्या मध्यरात्री अंगणात काहीतरी धाडकन कोसळते. प्राणी धावत बाहेर येतात, तो कोठाराच्या भिंतीशी शिडीचे दोन तुकडे, शेजारी सुन्न होऊन पडलेला स्क्वीलर, म्हणजे नेपोलियनची बाजू पटवून देणारे डुक्कर, आणि त्याच्या हाताशी कंदील, कुंचला व उपडे झालेले पांढऱ्या रंगाचे भांडे. कुत्रे त्याच्याभोवती कडे करून त्याला घरात घेऊन जातात. बेंजामिन जाणत्यासारखी मान हलवतो आणि गप्प बसतो. बाकी कोणाला काही उमगत नाही. काही दिवसांनी म्युरिएलला दिसते की दारूविषयीची पाचवी आज्ञा आपल्याला चुकीचीच आठवत होती. पुस्तक वाचणारा मुलगा इथे मागची पाने उलटून दुसऱ्या प्रकरणातली आज्ञा शोधून काढतो, आणि त्या क्षणी त्याला कळते की मला जे करता येते ते क्लोव्हरला करता येत नाही. पडद्यासमोर बसलेल्या मुलाला मागे जाता येत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही, कारण निवेदक त्याला सगळे सांगत असतो.

चित्रपटांच्या बाजूने बोलण्यासारखेही बरेच आहे, विशेषतः १९५४च्या. चित्रपटगृहांत झळकलेला तो ब्रिटनचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. तो सव्वा तासाच्या आत संपतो, संवाद मोजके असून बहुतेक कथा निवेदनातून पुढे जाते, त्यामुळे इंग्रजी कच्चे असलेल्या मुलांनाही तो झेपतो. सगळ्या प्राण्यांचे आवाज मॉरिस डेनम या एकाच नटाने काढले आहेत. मुलांना हसवण्यासाठी घातलेले बदकाचे पिल्लू मला जरा डिस्ने वळणाचे वाटते, पण बॉक्सरला गाडीतून नेतात तो प्रसंग चित्रात जितका अंगावर येतो तितका तो शब्दांतही क्वचितच येत असेल. १९९९च्या चित्रपटात खऱ्या जनावरांच्या जोडीला बाहुलीकार जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेत बनवलेली यांत्रिक जनावरे आहेत आणि पॅट्रिक स्ट्यूअर्ट, इयन होम, पीटर उस्तिनोव्ह यांच्यासारख्यांचे आवाज आहेत. संवाद मात्र भरपूर आणि ब्रिटिश वळणाचे, त्यामुळे सबटायटल्सशिवाय आपल्याकडच्या मुलांना तो जड जातो. त्यातली एक कल्पना चांगली आहे: स्क्वीलर प्रचारपट काढून ते प्राण्यांना दाखवतो. आजच्या मुलांना भिंतीवरच्या आज्ञांपेक्षा हे लवकर कळते.

आता इंग्रजी की मराठी. ऑरवेल २१ जानेवारी १९५० रोजी वारले आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपत असल्यामुळे २०११पासून मूळ पुस्तक इथे मुक्त आहे. म्हणून स्वस्त आवृत्त्या भरपूर मिळतात आणि मराठीतही एकाहून अधिक अनुवाद दिसतात. अनुवादावर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, तेव्हा गटासाठी त्याच्या झेरॉक्स काढू नयेत. कोणता अनुवाद घ्यावा हे ठरवताना मी तीन जागा उघडून पाहतो.

पहिली जागा म्हणजे बदललेल्या आज्ञा. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन जातो, त्यामुळे जुने वाक्य जसेच्या तसे ठेवून शेवटी 'without cause' (विनाकारण) असे दोन शब्द रंगवले की अर्थ फिरतो. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी बसतात. 'कोणताही प्राणी दुसऱ्या प्राण्याला विनाकारण मारणार नाही' असे लिहिले तर अर्थ बरोबर येतो, पण भिंतीवरचे अख्खे वाक्य पुसून नव्याने लिहिल्यासारखे होते, आणि मग मध्यरात्रीची ती शिडी आणि तो कुंचला फुकट जातो. 'कोणताही प्राणी दुसऱ्या प्राण्याला मारणार नाही, कारण असल्याशिवाय' अशी शेपटी जोडणाऱ्या अनुवादकाला ही लबाडी कळलेली असते. दुसरी जागा शेवटच्या, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या आज्ञेची: सगळे प्राणी समान आहेत, पण काही प्राणी इतरांपेक्षा अधिक समान आहेत. 'अधिक समान' म्हटले की मराठीत ते 'जास्त एकसारखे' असेही ऐकू येते आणि व्याकरणाचा धक्का काहीसा मऊ पडतो. याला खरा उपाय मला सुचलेला नाही, पण अनुवादकाने इथे 'श्रेष्ठ' वगैरे शब्द घालून विनोद समजावून सांगितला असेल तर ते पुस्तक मी परत फडताळात ठेवतो. तिसरी जागा 'कॉम्रेड' या शब्दाची. मुंबईच्या गिरणगावाने आणि लाल बावट्याने हा शब्द मराठीत कधीच रुळवला आहे. त्याच्या जागी 'मित्रहो' किंवा 'बांधवांनो' आले की गोष्टीतले राजकारणच धुऊन निघते.

मराठीत वाचताना आणखी एक गंमत होते. इंग्लंडच्या शेतावर डुक्कर हे पाळीव आणि हुशार समजले जाणारे जनावर आहे. आपल्याकडे मुलांना उकिरड्यावरचे डुक्कर किंवा पिकात घुसणारे रानडुक्कर माहीत असते, त्यामुळे ती पहिल्या पानापासूनच डुकरांवर संशय घेतात. बॉक्सर घोड्याला मात्र ती मनातल्या मनात बैल करून टाकतात, आणि त्याला खाटकाच्या गाडीत चढवतात तेव्हा पोळ्याला सजवलेला बैल डोळ्यांपुढे आलेली मुले रडवेली होतात. ही भर मुळात नाही, पण ती वाया जाणारीही नाही.

तेव्हा माझी निवड अशी राहील. इंग्रजी बऱ्यापैकी असेल तर मूळ पुस्तक. ते अवघ्या दहा प्रकरणांचे आहे, भाषा साधी आहे आणि दोन-तीन बैठकांत संपते. इंग्रजी अडत असेल तर वरच्या तीन जागा तपासून घेतलेला मराठी अनुवाद. १९९९चा चित्रपट पुस्तक वाचून झालेल्यांनी कुतूहल म्हणून पाहावा. पहिली ओळख त्यातून होऊ देऊ नये. आणि हाती एकच संध्याकाळ असेल, वाचनाला वेळच नसेल, तर १९५४चा चित्रपट निःसंकोच दाखवावा, पण बेंजामिन खिडकीतून आत पाहतो आणि त्याला डुकरांच्या तोंडांवर जोन्सचा चेहरा दिसू लागतो, तिथे तो थांबवावा. दिवे लावून मुलांना पुढे काय होईल ते कागदावर लिहायला सांगावे, पुस्तकाचा शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा, आणि मग उरलेला भाग सुरू करावा.