दहा प्रश्न क्रमाने विचारावेत, की तक्रारीचा माग काढावा?

चिनी वैद्यकातला विचारपुशीचा क्रम मिंग काळातल्या चांग चिंगयुए यांनी 17व्या शतकात बांधून दिला: थंडी-ताप, घाम, डोकं-अंग, मल-मूत्र, खाणं, छाती-पोट, कान, तहान. हे आठ झाले; नववा आणि दहावा प्रश्न पुढे बदलले. आता तिथे जुने आजार आणि कारण विचारतात. बायकांना पाळीबद्दल वेगळं विचारायचं. दुसरी रीत तक्रारीपासून सुरू होते आणि लागतील तेवढेच प्रश्न घेते.

रुग्ण नवा आणि दुखणं जुनं असेल तर क्रमच धरा, अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल. कंबरदुखीसाठी आलेला माणूस रोज पहाटे जुलाब होतात हे आपणहून सांगत नाही, आणि नेमकं तेच किडनी-यांग (चिनी वैद्यकानुसार किडनीची ऊब देणारी शक्ती) कमी असल्याची खूण ठरतं.

दोन दिवसांच्या सर्दी-तापाला तक्रारीचा माग पुरतो. मात्र पहिले दोन प्रश्न तिथेही सोडू नका. थंडी आणि ताप एकाच वेळी असले तर रोग बाहेरच्या थरात. आलटून-पालटून येत असले तर अर्धा आत, अर्धा बाहेर. पांघरूण घेऊनही हुडहुडी जात नसेल तर बाहेरून शिरलेली थंडी. उबेने बरं वाटत असेल तर यांगच कमी. बाहेरून शिरलेल्या थंडीत घाम नसेल तर मा-ह्वांगचा (घाम आणणारी एफेड्रा वनस्पती) काढा, येत असेल तर क्वेइ-चचा (दालचिनीच्या कोवळ्या फांद्या). घाम येणाऱ्याला मा-ह्वांग दिलं, तर आधीच गळणारा द्रव आणखी जातो.

क्रम बिघडतो तो यादी भरल्यासारखा उरकला की. ‘तहान लागते का?’ याला कुणीही ‘हो’ म्हणेल. किती पाणी, गार की कोमट, गिळता की नुसतं तोंड ओलं करता, हे विचारा. गार पाणी घटाघटा पिणं म्हणजे उष्णता. तोंड ओलं करून न गिळणं हे रक्त साकळल्याचं लक्षण मानतात.

तक्रारीच्या रीतीत धोका मोठा: पहिला अंदाज बसला की प्रश्न त्याच्याच बाजूचे सुचतात. म्हणून अंदाज खोटा पाडेल असा एक प्रश्न मुद्दाम विचारावा. दाबल्याने पोटदुखी वाढते म्हणून साठा (आत काहीतरी जास्त साचलंय) मानलात, तर शेकल्याने आणि जेवल्याने काय होतं तेही पाहा.

कुठलीही रीत घ्या, चालू औषधांचा प्रश्न आमच्या मते सुरुवातीलाच हवा. नुकतीच घेतलेली पॅरासिटामॉल ताप लपवते आणि घाम आणते. लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो. छातीत अचानक कळ किंवा कधी न झालेली भयंकर डोकेदुखी असेल, तर विचारपूस थांबवून रुग्णाला आधी रुग्णालयात पाठवा.