मोठ्या एसयूव्हीचे एअर सस्पेन्शन : वॉरंटी संपल्यानंतरचा अनुभव

एका युरोपीय कंपनीची सात आसनांची, सव्वादोन टन वजनाची डिझेल एसयूव्ही आम्ही नवीन घेतली, तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि बैठक यांविषयी तक्रार नाही; पुणे-कोल्हापूर प्रवासानंतरही घरातली वडीलधारी मंडळी कंबर न धरता उतरतात. तक्रार आहे ती सस्पेन्शनची. तीन वर्षांची वॉरंटी संपून काही महिने होतात न होतात, ओडोमीटरने पन्नास हजारांचा आकडाही गाठलेला नाही, तोच पुढच्या दोन्ही एअर स्ट्रटांनी (हवेच्या दाबावर गाडी तोलणाऱ्या खांबांनी) आणि त्यांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरने मान टाकली आणि खर्च साडेचार लाखांच्या घरात गेला.

लक्षणे वॉरंटीतच दिसू लागली होती. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी पुढून डावीकडे इतकी बसलेली असे की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटेही शिरत नसत. इंजिन सुरू केले की कॉम्प्रेसर घरघर करत तिला वर उचलायचा. डॅशबोर्डवर मात्र कसलाही इशारा येत नसे. अधिकृत सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट करून जॉबकार्डवर ‘सिस्टम नॉर्मल’ असा शेरा मारला. पुढे वॉरंटी संपल्यावर कॉम्प्रेसर जळाला, तेव्हा तो बदलून सव्वा लाखाचे बिल हाती ठेवले, पण तो का जळाला याचा शोध कोणी घेतला नाही.

या यंत्रणेत पोलादी स्प्रिंगच्या जागी हवा भरलेला रबरी बेलो असतो आणि कॉम्प्रेसरने केवळ गरजेपुरते चालावे अशी अपेक्षा असते. बेलोच्या घडीला बारीक चिरा पडल्या की हवा गळत राहते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत राबतो, तापतो, त्याच्या ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे निकामी होतात आणि दमट हवा पुढे, चारी बाजूंना हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत पोचते. गळका बेलो तसाच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आमची गळती अखेर एका खासगी गॅरेजमधल्या मिस्त्रींनी शोधली. त्यांनी धुळीचे रबरी आवरण सरकवून बेलोवर साबणाचे पाणी मारले, आणि खालच्या वळणावर मोहरीएवढे बुडबुडे एका ओळीत उठू लागले. या तपासणीला पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

त्याच वेळी लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुशही (सांध्यातले रबरी तुकडे) फाटलेले आढळले. सर्व्हिस सेंटरच्या मते बुश सुटे मिळत नसल्याने संपूर्ण आर्मच बदलावा लागतो. गॅरेजमध्ये मात्र प्रेसवर नवे बुश बसवून मिळाले आणि चाकांच्या अलाइनमेंटसह ते काम एस्टिमेटच्या चौथ्या हिश्श्यात झाले. आतल्या कडेने झिजलेले दोन टायर वेगळेच.

कंपनीने सारे खापर रस्त्यांवर आणि ‘नैसर्गिक झीज’ या शब्दांवर फोडले. इथले खड्डे आणि रंग उडालेले गतिरोधक गाडी विकतानाही होतेच, आणि माहितीपत्रकात हीच गाडी खडकांवरून चढताना दाखवली आहे. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर सुट्या भागांवर काही सवलत मिळाली, मजुरीवर एक रुपयाही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याचा उलट जास्त आधार झाला. अपघात नसताना झालेला यांत्रिक बिघाड नेहमीच्या विमा पॉलिसीत बसत नाही, त्यामुळे तिथेही दार बंद.

उत्पादनातील दोषाची तक्रार करायची झाल्यास ती कोणत्या ग्राहक आयोगाकडे न्यायची, हे मोजलेल्या किमतीवर ठरते : ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वॉरंटीतले ते जॉबकार्ड म्हणूनच जपून ठेवले आहे.

हे मॉडेल साध्या स्प्रिंगसहही मिळते, आणि पाच वर्षांहून अधिक काळ गाडी वापरणाऱ्यांना मी तेच सुचवीन. एअर सस्पेन्शन हवेच असेल, तर वाढीव वॉरंटीच्या कागदात बेलोची गणना ‘रबरी भाग’ म्हणून वगळलेल्या यादीत तर केलेली नाही ना, हे सही करण्यापूर्वी पाहावे. गाडी आम्ही ठेवणार आहोत. त्या सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र यापुढे ऑइल आणि फिल्टर बदलण्यापलीकडे काही काम देणार नाही.