चूक कशी सांगावी : सुपरवायझरांसाठीच्या एका कार्यशाळेचा अनुभव

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील सुट्या भागांच्या एका लहान कारखान्यात सहा सुपरवायझरांच्या कामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. हाताखालच्या माणसाला त्याची चूक स्पष्टपणे, पण त्याचा अपमान न करता कशी सांगावी, हे आम्हांपैकी कोणालाही कधी कोणी शिकवले नव्हते. चांगला ऑपरेटर एके दिवशी सुपरवायझर होतो आणि आपल्या साहेबाकडून जे ऐकले तेच पुढे ऐकवू लागतो. म्हणून पुण्यातील एका संस्थेची या विषयावरील दोन दिवसांची कार्यशाळा मी दोन सहकाऱ्यांसह केली.

पहिली सकाळ निराशाजनक होती. आधी कौतुक, मग चूक, शेवटी पुन्हा कौतुक, ही ‘सँडविच’ पद्धत बराच वेळ शिकवली गेली. माझा या पद्धतीला विरोध आहे, कारण दोन-चार वेळा असे झाले की कौतुक कानावर पडताच माणूस पुढच्या ‘पण’ची वाट पाहू लागतो आणि मनापासून केलेली प्रशंसाही वाया जाते.

दुपारच्या सत्राने मात्र फीचे पैसे वसूल झाले. प्रसंग, वर्तन आणि परिणाम या तीन भागांत बोलण्याची, अमेरिकेतील ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ने विकसित केलेली पद्धत तेथे प्रत्यक्ष लिहून करून घेतली. आमच्या एका तपासनिसाविषयी मी लिहिले, ‘कामात लक्ष नाही.’ प्रशिक्षिकेने विचारले, “हे तुमचे मत झाले. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलेत?” तिसऱ्या प्रयत्नात कागदावर उतरले ते असे : ‘मंगळवारी दुसऱ्या पाळीत, बोअरची (भागातील भोकाची) मापे तासातासाला भरायच्या तक्त्यात सहा ते नऊच्या चारही नोंदी २४.०२ अशाच आहेत आणि त्या एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात; त्यामुळे बोअर केव्हापासून मोठे होऊ लागले ते कळले नाही आणि सगळा लॉट पुन्हा तपासावा लागला.’ पहिल्या वाक्यावर तो माणूस फक्त दुखावला असता. दुसऱ्यावर त्याला काही उत्तर देता येणार होते.

दुसऱ्या दिवशी क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांच्या १९९६ च्या अभ्यासाची ओळख करून दिली गेली, ती मला फार मोलाची वाटली. आधीचे अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर त्यांना आढळले की अभिप्रायामुळे सरासरीने काम सुधारते, परंतु एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते उलट बिघडते. आणि ऐकणाऱ्याचे लक्ष कामावरून स्वतःच्या योग्यतेकडे वळले की अभिप्रायाचा उपयोग घटत जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘तू निष्काळजी आहेस’ हे वाक्य नेमके तिकडेच नेते. वर्गात हा दुवा अधिक ठळकपणे जोडायला हवा होता.

खरी उणीव पुढची आहे. बोलून झाल्यावर समोरच्याचे ऐकायचे कसे, याला दोन दिवसांत अर्धा तासही मिळाला नाही. परतल्यावर मी त्या तपासनिसाला बाजूला बोलावून, तक्ता समोर ठेवून, कागदावरचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “साहेब, बोअर मोजायचा गेज एकच आहे. तो दुसऱ्या लाइनवरून माझ्याकडे येईपर्यंत पाळी संपत येते.” मोजमाप न करता आकडे भरणे चूकच होते आणि ते मी त्याला सांगितले, पण गेजची मागणी दोन महिने माझ्याच टेबलावर पडून होती, हेही मला त्याच्यापुढे कबूल करावे लागले. अशा क्षणी वरिष्ठाने काय करावे, याची कार्यशाळेत काहीही तयारी झाली नव्हती. महिन्याभराने पाठपुरावा करण्याचे संस्थेचे आश्वासनही पाळले गेले नाही.

उरलेल्या चार सुपरवायझरांनाही मी पाठवणार आहे. सँडविचचे सत्र काढून ती सकाळ ऐकण्याच्या सरावाला द्यावी, असे मी संस्थेला लेखी कळवले आहे.