कोल्हापुरात मिळणारी ‘बल्गेरियाची फाइल’: पैसे कशाचे द्यावेत, कशाचे नाहीत

शाहूपुरी, राजारामपुरी, स्टेशन रोड या पट्ट्यात परदेशी पाठवणाऱ्या ऑफिसांच्या पाट्यांवर दुबई-कुवेतच्या जोडीला आता बल्गेरियाही दिसतो. गिऱ्हाईक ठरलेलं आहे: उद्यमनगर, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत सीएनसी चालवणारा, वेल्डिंग करणारा, फौंड्रीत मोल्डिंगवर उभा राहणारा तरुण. त्याला जी वस्तू विकली जाते तिला ऑफिसात ‘फाइल’ म्हणतात. खरं तर ती एक वस्तू नाही, सात-आठ कामांचं गाठोडं आहे. त्यातली काही कामं कोल्हापुरातले लोक फार चांगली करतात, काही कामं त्यांच्या हातातच नसतात. दर मात्र सगळ्याचा मिळून एकच सांगितला जातो. म्हणून हे गाठोडं सोडून एकेक काम वेगळं तपासलेलं बरं.

आधी जागा रिकामी का आहे ते बघू. १९८० च्या दशकात बल्गेरियाची लोकसंख्या नव्वद लाखांच्या घरात होती; २०२१ च्या जनगणनेत ती ६५ लाखांवर आली. जन्म कमी झाले हे एक कारण, आणि माणसं देश सोडून गेली हे दुसरं. १ जानेवारी २००७ ला बल्गेरिया युरोपीय संघात गेला आणि २०१४ पासून जर्मनी आणि तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनसकट सगळ्या सदस्य देशांत बल्गेरियन माणसाला परवान्याशिवाय काम करता येऊ लागलं. तिथल्या वेल्डरचा किंवा बसचालकाचा हिशोब सोपा असतो: तेच काम जर्मनीत केलं तर कितीतरी जास्त पगार. तो गेला की त्याच्या जागेवर बाहेरचा माणूस लागतो. म्हणजे ‘तिकडं माणूस पाहिजेच आहे’ हे ऑफिसचं म्हणणं खरं आहे. पण ज्या पगारावर तिथला माणूस थांबत नाही, त्याच पगारावर आपल्याला बोलावलं जातंय, हेही तितकंच खरं. शिवाय बल्गेरियन माणूस खिशात ओळखपत्र घालून जातो, तिथे पोचून काम शोधतो, पटलं नाही तर पुढच्या महिन्यात दुसरीकडे लागतो. आपल्या पोराच्या परवान्यावर एका मालकाचं आणि एका कामाचं नाव असतं. मालक बदलायचा तर आधी कागद बदलावे लागतात. हा फरक ऑफिसात कुणी आपणहून सांगत नाही, आणि सगळ्या व्यवहारात तोच सर्वांत मोठा आहे.

आता परवाना. तो एजंट काढत नाही, काढू शकतही नाही. अर्ज बल्गेरियातला मालक तिथल्या स्थलांतर संचालनालयाकडे करतो, आणि रोजगार खात्याचं मत त्यावर घेतलं जातं: या कामाला स्थानिक माणूस मिळतो का, एवढ्या परदेशी कामगारांना तिथे जागा आहे का. कंपनीत युरोपीय संघाबाहेरचे कामगार एकूण मनुष्यबळाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. छोट्या-मध्यम उद्योगांना ही मर्यादा ३५ टक्के आहे. त्यामुळे दहा माणसांच्या वर्कशॉपच्या नावावर ‘पन्नास जागा’ असल्याचं कुणी सांगत असेल, तर तिथेच थांबावं. परवाना मंजूर झाल्यावर कामगार टाइप डी म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करतो, निर्णय नवी दिल्लीतला बल्गेरियाचा दूतावास घेतो. कोल्हापुरातल्या कुणाचीही ‘ओळख’ यात कुठे बसत नाही. त्या ओळखीपोटी मागितलेला रुपया वाया गेला समजा.

ऑफर लेटर हातात आलं की पगाराआधी कंपनीचा नोंदणी क्रमांक शोधा. बल्गेरियात प्रत्येक कंपनीला नऊ आकडी ओळख क्रमांक असतो, त्याला ‘ईआयके’ म्हणतात. त्यांचं व्यापार नोंदवहीचं संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. तिथे तो क्रमांक टाकला की कंपनी केव्हा स्थापन झाली, पत्ता काय, सही करायचा अधिकार कुणाला आहे, हे दिसतं. मजकूर बल्गेरियन भाषेत असतो, मोबाइलवरच्या भाषांतराने काम भागतं. लेटरवर सही करणाऱ्याचं नाव आणि नोंदवहीतलं नाव जुळलं पाहिजे. लेटरवर हा क्रमांकच नसेल तर ते लेटर नाही, नुसता कागद आहे. चांगलं ऑफिस हा क्रमांक मागितल्याबरोबर देतं. ‘ते नंतर कळवतो’ असं उत्तर आलं तर ॲडव्हान्स देऊ नका.

पैशाबाबत कायदा स्पष्ट आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. तो खरा आहे का, चालू आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून बघता येतं. परवानाधारकाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. इथे एक पळवाट हमखास ऐकायला मिळते: ‘बल्गेरिया इसीआर देशांत नाही, म्हणून आम्हाला लायसन लागत नाही.’ पहिलं वाक्य बरोबर, दुसरं चूक. इसीआर म्हणजे जिथे जाण्याआधी उत्प्रवास मंजुरी तपासली जाते अशा देशांची यादी. तिच्यातल्या १८ देशांत बल्गेरिया नाही, त्यामुळे कामगाराला उत्प्रवास मंजुरी लागत नाही; भरती करणाऱ्याला परवाना मात्र कुठल्याही देशासाठी लागतोच. दुसरा प्रकार म्हणजे भिंतीवर मुंबईच्या कंपनीच्या परवान्याची झेरॉक्स, आणि पैसे घेणारा माणूस वेगळा. अशा वेळी परवान्यावरच्या कंपनीच्याच बँक खात्यात पैसे भरायचा आग्रह धरा. रोख नाही, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर ‘फोन पे’ही नाही. शंका असेल तर सरकारची मोफत मदतवाहिनी आहे: १८०० ११ ३०९०.

करारातला पगार वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि नेमकी तीच दिली जात नाहीत. बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ पासून युरो घेतला. जुन्या कागदांवर ‘लेव्ह’ हे आधीचं चलन दिसलं तर युरोसाठी १.९५५८३ ने भागायचं. हा दर कायमचा ठरलेला आहे. २०२६ साठी किमान वेतन महिना ६२०.२० युरो आहे. त्यातून कामगाराच्या वाट्याचा विमा १३.७८ टक्के जातो, उरलेल्यावर सरसकट १० टक्के आयकर. हातात राहतात सुमारे ४८१ युरो. युरो शंभर रुपये धरला तरी ४८ हजार, आणि त्यातून तिथलं जेवण, फोन, कधी खोलीभाडं. राहायची सोय मालकाची असेल तर ‘मोफत’ हा शब्द करारात हवा, किंवा कपातीचा आकडा तरी. ‘राहण्याची व्यवस्था केली जाईल’ या वाक्यात पैसे कोण देणार ते येत नाही.

ओव्हरटाइमचा हिशोब तर जरूर मांडून बघा. आठवड्याला ४० तास हे नेहमीचं काम, आणि तिथल्या कामगार संहितेत ओव्हरटाइमची साधारण मर्यादा वर्षाला १५० तास, म्हणजे महिन्याला साडेबारा. सामूहिक करार असेल तर ३०० पर्यंत. साध्या दिवशी ५० टक्के, सुट्टीच्या वारी ७५ टक्के आणि सणाच्या सुट्टीला १०० टक्के जादा दर मिळतो. ऑफिसात मात्र ‘रोज दोन तास ओव्हरटाइम धरून’ पगार सांगतात. रोज दोन म्हणजे महिन्याला चव्वेचाळीस! तो एकतर मिळणार नाही, किंवा नोंदीबाहेर मिळेल. नोंदीबाहेरच्या तासांचे पैसे बुडाले तर भांडायला कागद नसतो. म्हणून मूळ पगारावरच निर्णय घ्यावा.

आता या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग, कागदपत्रं. यासाठी पैसे देणं योग्य आहे, कारण इथे चूक झाली की महिने जातात. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचं, करारातल्या सगळ्या देशांत चालणारं प्रमाणन. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, बल्गेरियाही आहे. त्यामुळे दूतावासाचा वेगळा शिक्का न घेता परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल चालतं. शैक्षणिक कागदाची आधी राज्याकडून मुंबईत पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, मग बल्गेरियन भाषांतर. हा क्रम मोडायचा नाही. भाषांतर आधी केलं तर त्यात अपोस्टिलचा मजकूर येत नाही आणि तेच काम पुन्हा पैसे भरून करावं लागतं. अपोस्टिलची सरकारी फी कागदाला ५० रुपये आहे. बाकीचे पैसे मधल्या संस्थेच्या आणि ने-आण करणाऱ्याच्या मेहनतीचे. मुंबईच्या दोन खेपा, रजा, मुक्काम यांचा विचार केला तर ती मेहनत विकत घेणं परवडतं. फक्त किती कागद, कोणत्या मार्गाने आणि किती दिवसांत, हे पावतीवर लिहून घ्या.

दोन गोष्टी इथे नेहमी बिघडतात. पहिली लॅमिनेशन. दहावीची, आयटीआयची गुणपत्रिका हौसेने लॅमिनेट केलेली असते. अपोस्टिलचं स्टिकर आणि शिक्का मूळ कागदाच्या मागे लागतो, प्लास्टिकवर नाही. घरी इस्त्री फिरवून लॅमिनेशन काढायला जाऊ नका, शाई प्लास्टिकबरोबर निघून येते. कागद जुना असेल तर सरळ बोर्डाकडून किंवा संस्थेकडून दुय्यम प्रत काढा. वेळ लागेल, पण कागद शाबूत मिळेल.

दुसरी गोष्ट नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर स्वतःचं पहिलं. पासपोर्टवर दोनच रकाने: आडनाव, आणि दुसऱ्यात स्वतःचं व वडिलांचं एकत्र. त्यात ‘चौगुले’चं इंग्रजी स्पेलिंग दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं. गंमत अशी की बल्गेरियन माणूसही आपल्यासारखीच तीन नावं लावतो: स्वतःचं, वडिलांचं, घराण्याचं. वडील इवान असतील तर मधलं नाव इवानोव्ह. त्यामुळे तीन नावं बघून तिथला कारकून गोंधळत नाही, अक्षरं न जुळल्यावर अडतो. परवाना, करार, विमा, तिकीट, सगळ्यांवर नाव पासपोर्टच्या अक्षराला अक्षर जुळवून हवं. दाखल्यात फरक असेल तर पासपोर्टला अर्ज करण्याआधीच दुरुस्ती करा. नंतर सगळी साखळी उलटी फिरवावी लागते. चांगल्या ऑफिसची ओळख हीच: पहिल्याच भेटीत ते सगळे कागद टेबलावर शेजारी-शेजारी मांडून स्पेलिंग तपासतात.

पासपोर्ट आणि पोलीस क्लिअरन्स यांसाठी मात्र एजंटला काही देऊ नये. कोल्हापुरात मुख्य टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, अर्ज ऑनलाइन भरून वेळ घेता येते. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, ६० पानीला २,०००, तत्काळ हवा तर वर आणखी २,०००. पोलीस क्लिअरन्सला ५००. दहावी पासचा दाखला सोबत न्या म्हणजे पासपोर्टवर इसीआरचा शिक्का येणार नाही. क्लिअरन्स फार आधी काढून ठेवू नका, जुना झाला की परत काढायला लावतात.

व्हिसाबाबत सर्वांत मोठी फसगत शेंगेनच्या, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, नावावर होते. ३१ मार्च २०२४ पासून विमान आणि समुद्रमार्गे, आणि १ जानेवारी २०२५ पासून रस्त्याने व रेल्वेनेही बल्गेरिया शेंगेनमध्ये आहे. त्यावरून ‘बल्गेरियात उतरा, तिथून जर्मनीला कामाला जा’ असं विकलं जातं. बल्गेरियाच्या रहिवासी कार्डावर इतर शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. काम करता येत नाही. पकडला गेला तर परत पाठवणी आणि प्रवेशबंदी. तसंच ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडं बदलून देतो’ हेही. हा टुरिस्ट म्हणजे टाइप सी व्हिसा ९० युरोत मिळतो, फिरायला उत्तम आहे. त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा पासपोर्ट लागतो. कामासाठी तो नाही.

हंगामी कामाच्या फायली, म्हणजे काळ्या समुद्रकाठची हॉटेलं आणि शेती, वेगळ्या असतात. बारा महिन्यांत जास्तीत जास्त नऊ महिने, मग परत. यासाठी कर्ज काढू नये असं स्पष्ट मत आहे. कर्ज फिटायच्या आत हंगाम संपतो.

वैद्यकीय शिक्षणाच्या फाइलबद्दल थोडक्यात. सोफिया, प्लोवदिव, वर्ना, प्लेवेन इथे इंग्रजीतून सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. भारतातल्या ‘नीट’ प्रवेश परीक्षेची पात्रता हवीच, आणि परत येऊन इथली परीक्षा व वर्षभराची इंटर्नशिपही. रुग्ण बल्गेरियन बोलतात, म्हणून ती भाषा शिकावीच लागते.

जाण्याआधीचं प्रशिक्षण ही सेवेतली सर्वांत दुबळी बाजू. एका दिवसात निदान लिपी शिकवावी: तीस अक्षरं आहेत, आणि इंग्रजी ‘पी’सारखं दिसणारं ‘र’, ‘एच’सारखं दिसणारं ‘न’, ‘सी’सारखं दिसणारं ‘स’ वाचायचं. मशीनवरच्या सूचना याच लिपीत असतात. आणि मान. तिथे ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतात, ‘नाही’ म्हणताना उभी झटकतात. क्रेनखाली उभं असताना हा गोंधळ परवडणारा नाही; मानेकडे न बघता ‘दा’ (हो) की ‘ने’ (नाही) एवढं ऐकायचं. बॅगेत कांदा-लसूण मसाला, चटणी, भडंग खुशाल न्या. तूप, पेढे, सुकं मटण नको, युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. दह्याची चिंता करू नका, ते तिथे आपल्यापेक्षा जास्त खातात.

पोचल्यावर पहिल्या पाळीआधी दोन कागद हातात हवेत: सही झालेल्या कराराची प्रत, आणि तो करार महसूल खात्याकडे नोंदवल्याची पोच. ही नोंद मालकाने करारानंतर तीन दिवसांत करायची असते, आणि पोच दिल्याशिवाय कामाला लावायचं नसतं. दोन्हींचा फोटो काढून त्याच दिवशी घरी पाठवा. पासपोर्ट मालकाकडे ‘जपून ठेवायला’ देऊ नका.