बाग सांभाळणाऱ्या संस्थेची सेवा : नव्या विश्वस्तांच्या पहिल्या वर्षानंतर

कोल्हापुरात घरापासून आठ मिनिटांच्या अंतरावर असलेल्या बागेत मी गेली 22 वर्षे सकाळी फिरायला जाते. बागेची जागा महानगरपालिकेच्या मालकीची आहे, परंतु माळ्यांचे पगार, खत, पाण्याची मोटर, बाकांची डागडुजी, स्वच्छतागृहाची सफाई आणि झाडांची निगा हे सगळे करारानुसार एक नोंदणीकृत विश्वस्त संस्था पाहते. या संस्थेवर गेल्या वर्षी पाच नवे विश्वस्त आले. त्यांच्या कामाला आता वर्ष पूर्ण झाले असल्यामुळे, रोज त्या बागेत पाऊल टाकणारी आणि दरवर्षी थोडीफार देणगी देणारी एक नागरिक या नात्याने मी या सेवेबद्दल सविस्तर लिहीत आहे. माझी नोकरी एका सहकारी बँकेच्या हिशेब विभागात झाली, त्यामुळे झाडांइतकेच माझे लक्ष वहीखात्याकडेही जाते, हे आधीच सांगते. संस्थेचे नाव मात्र लिहीत नाही, कारण मागे ज्या चुका झाल्या त्या ज्यांच्या काळात झाल्या त्यांपैकी काही ज्येष्ठ आज हयात नाहीत आणि बाग उभी करण्यात त्यांचाच वाटा सर्वांत मोठा होता.

आधीची परिस्थिती सांगितल्याशिवाय आजच्या सेवेचे मोल कळणार नाही. संस्थेच्या घटनेप्रमाणे विश्वस्तांच्या नऊ जागा आहेत. कालांतराने दोन विश्वस्त वारले, एक मुलाकडे पुण्याला राहायला गेले, दोघांचे प्रकृतीमुळे घराबाहेर पडणे बंद झाले, आणि त्या जागा तशाच राहिल्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे विश्वस्तांमध्ये झालेला कोणताही बदल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. हा बदल अर्ज वेळेवर केला गेला नाही, म्हणून कागदोपत्री जुनीच नावे राहिली आणि बँकेत सह्यांचा अधिकारही त्याच नावांवर राहिला. धनादेशावर तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या लागत होत्या, आणि त्या तिघांपैकी सही करू शकणारी एकच व्यक्ती उरली होती.

याचा परिणाम काय होतो ते मी एका एप्रिल महिन्यात पाहिले. बोअरची मोटर जळाली, दुरुस्तीला लागणारी रक्कम खात्यात होती, पण ती काढता येत नव्हती. आदल्या पावसाळ्यात लावलेली ताम्हणाची रोपे तेव्हा जेमतेम कमरेएवढी होती. आमचे माळीमामा फाटकाजवळच्या नळावरून घागरी भरून आणत आणि एकेका आळ्यात अर्धी अर्धी घागर ओतत. नळाला पाणी सकाळी तासभरच असे. फिरायला येणाऱ्या आम्ही काही जणींनी घरून बाटल्या आणायला सुरुवात केली, शेवटी वर्गणी काढून मोटर दुरुस्त करून घेतली, पण तोवर तीन आठवडे उलटून गेले होते आणि रोपांपैकी निम्म्याहून अधिक वाळली होती. ताम्हण हे आपले राज्यपुष्प. त्याचा जांभळा बहर बागेच्या पूर्वेकडच्या वाटेवर यावा अशी एका जुन्या विश्वस्तांचीच इच्छा होती. निधी असूनही ती रोपे केवळ एका सहीअभावी गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

नव्या विश्वस्तांची निवड ज्या पद्धतीने झाली तिला मी या परीक्षणात सर्वाधिक गुण देईन. उरलेल्या चार विश्वस्तांनी प्रथम रखडलेले बदल अर्ज वकिलाच्या मदतीने दाखल केले, आणि मग फाटकाजवळच्या फलकावर एक साधा कागद लावला. त्यावर 'मान्यवर व्यक्ती हव्यात' असे काही नव्हते. बागेला कोणत्या कामाची माणसे हवीत ते लिहिले होते : हिशेब आणि लेखापरीक्षण समजणारी एक, झाडे व माती जाणणारी एक, पाण्याचा निचरा व बांधकाम पाहिलेली एक, कायद्याचे कागद सांभाळणारी एक, आणि मुले व महिला यांच्या गरजा मांडू शकेल अशी एक. ज्यांनी अर्ज केले त्यांना सहा महिने निमंत्रित सदस्य म्हणून बैठकांना बसवले गेले आणि त्यानंतरच विश्वस्त म्हणून ठराव झाला. मोठे आडनाव, मोठी देणगी किंवा कोणाची शिफारस पाहून जागा भरण्याचा मोह टाळणे सोपे नसते. त्यासाठी त्या चौघा ज्येष्ठांचे मनापासून आभार मानले पाहिजेत.

कोल्हापूरला लोकांनी मिळून संस्था चालवण्याची सवय जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून चालू आहे, आणि राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून विद्यार्थ्यांसाठी जी वसतिगृहे सुरू करवली त्यांचा कारभारही समाजातल्या जबाबदार माणसांच्या हाती राहिला. बागेसाठी तशी माणसे या शहरात मिळत नाहीत, असे म्हणायला म्हणूनच जागा नाही.

आता प्रत्यक्ष काम. नव्या विश्वस्तांपैकी एक कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक आहेत. विश्वस्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ते मधल्या मोठ्या करंजाखाली उकिडवे बसलेले मला दिसले. काही वर्षांपूर्वी बाग 'सुशोभित' करताना या झाडाच्या बुंध्याला अगदी खेटून पेव्हिंग ब्लॉक बसवले गेले होते. खोड वाढत गेले तसे ते ब्लॉकच्या कडेवर फुगून आले होते आणि सालीवर आडवा खोल वळ पडला होता. माळीमामांनी पहारीने एक ब्लॉक उचकटला. त्याखाली बोटभर जाडीचा सिमेंटचा थर होता आणि त्याखालचा मुरूम इतका कोरडा की हातात घेतल्यावर त्याची नुसती भुकटी झाली. "सर, हितं पाणी मुरतच नाही बघा, सगळं गटारीला जातंय," मामा म्हणाले. प्राध्यापकांनी ती भुकटी तळहातावर पसरून बराच वेळ पाहिली आणि त्यात एकही कोवळे मूळ नसल्याचे मला दाखवले.

त्यानंतरच्या महिन्याभरात बागेतल्या सर्व मोठ्या झाडांभोवतीचे ब्लॉक चार-चार फूट मागे सरकवण्यात आले. सिमेंटचा थर यंत्राने न फोडता छिन्नी-हातोड्याने काढला, कारण यंत्राच्या धक्क्याने मुळे दुखावली असती. मोकळ्या झालेल्या जागेत माती भुसभुशीत करून वर पालापाचोळ्याचे आच्छादन दिले, आणि ते बुंध्याला चिकटू नये म्हणून वीतभर जागा मोकळी ठेवली. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी मी मुद्दाम जाऊन पाहिले. करंजाच्या आळ्यात पाणी साचले होते, आणि मी छत्री धरून उभी असतानाच ते हळूहळू जिरून गेले. पूर्वी हेच पाणी फाटकातून रस्त्यावर वाहत जात असे. 2019 आणि 2021 चे महापूर अनुभवलेल्या शहरात प्रत्येक मोकळ्या जागेने आपापल्या वाट्याचे पाणी जिरवले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. एका बागेने पंचगंगेचा पूर थांबणार नाही हे उघड आहे, परंतु भर पावसात बागेसमोरच्या रस्त्यावर साचणारे तळे यंदा बरेच कमी झाले, हे त्या रस्त्यावरचे दुकानदारही सांगतात.

पालापाचोळ्याचेही तसेच. पूर्वी तो मागच्या कोपऱ्यात जाळला जाई आणि हिवाळ्यात त्या धुराने दम्याच्या लोकांना फिरणे नको होई. सार्वजनिक जागी कचरा जाळण्यास 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच मनाई केली होती, तरी ती सवय गेली नव्हती. आता विटांचे दोन जाळीदार हौद बांधले आहेत. एक भरेपर्यंत दुसऱ्यातले खत तयार होते आणि तेच झाडांना जाते.

माळ्यांच्या कामाची वाटणीही बदलली आहे. आधी तिघेही माळी जिथे गरज पडेल तिथे धावत असत, त्यामुळे एखादा कोपरा आठवडेच्या आठवडे दुर्लक्षित राही आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा हे ठरत नसे. आता बागेचे तीन भाग करून प्रत्येकाकडे एक दिला आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, जिथे जागा शहराची आणि देखभाल 1980 साली स्थापन झालेल्या एका ना-नफा संस्थेची आहे, तिथेही विभागवार माळी नेमण्याची पद्धत यशस्वी ठरली. 843 एकरांच्या त्या उद्यानाशी आमच्या बागेची तुलना होऊ शकत नाही, पण आपल्या भागाचा अभिमान वाटणे हा माणसाचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच असावा. मामांच्या भागातल्या जास्वंदीचे कौतुक केले की ते आता थांबून छाटणी कधी केली ते सांगतात.

हिशेबाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. 31 मार्चअखेरचा जमाखर्च लेखापरीक्षण होताच फलकावर लावला गेला, आणि तोही नुसत्या एकूण आकड्यांचा नसून बाबवार. त्यातील 'किरकोळ' या सदराखालची रक्कम मला जास्त वाटली म्हणून मी लेखी विचारणा केली. सनदी लेखापाल असलेल्या नव्या विश्वस्त भगिनींनी चौथ्या दिवशी मला कार्यालयात बोलावून पावत्या समोर ठेवल्या. रक्कम योग्य होती, फक्त मोटरच्या सुट्या भागांचा खर्च चुकीच्या सदरात गेला होता, आणि ती चूक त्यांनी तिथेच मान्य केली. त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. देणगीदाराला आपल्या वडिलांच्या नावाचा बाक द्यायला आवडतो, त्यात गैर काहीच नाही, पण त्यामुळे बागेत गरजेपेक्षा जास्त बाक झाले होते आणि माळ्यांचा पगार मात्र दर दिवाळीनंतर रखडत होता. आता बाकासाठी देणगी स्वीकारताना त्यातील ठरावीक हिस्सा देखभाल निधीत जाईल असे पावतीवरच छापलेले असते. गेल्या बारा महिन्यांत माळ्यांचा पगार एकदाही उशिरा झालेला नाही, हे मी स्वतः तिघांनाही विचारून लिहीत आहे.

सेवेत त्रुटी आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. महिलांच्या स्वच्छतागृहाची कडी नवी बसली, दिवा लागला, सफाईही दिवसातून दोनदा होते, पण वरची टाकी लहान असल्यामुळे संध्याकाळी साडेसहानंतर पाणी नसते, आणि नेमकी तीच वेळ मुलांना घेऊन येणाऱ्या आयांची असते. ही तक्रार मी दोनदा नोंदवली आहे. मोठ्या टाकीचा ठराव झाल्याचे इतिवृत्तात वाचले, पण टाकी अजून आलेली नाही. दुसरे असे की बैठका कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता होतात. त्या वेळी निवृत्त माणसेच येऊ शकतात, त्यामुळे शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या नव्या विश्वस्तांना पाचपैकी तीन बैठकांना मुकावे लागले. मुले आणि महिला यांचे म्हणणे मांडण्यासाठी ज्यांना घेतले त्या स्वतःच बैठकीला नसतील तर ती निवड कागदावरच राहते. बैठक रविवारी सकाळी, बागेतच घेता येईल. माळ्यांपैकी एकाला तिथे बोलण्याचा हक्क असावा, असेही मी सुचवले आहे, कारण करंजाखालचे पाणी मुरत नाही हे मामांना कितीतरी वर्षांपासून ठाऊक होते आणि त्यांना तोवर कोणी विचारले नव्हते.

रंगीत कारंज्याचा प्रस्ताव सध्या तहकूब आहे. तो तसाच राहावा असे माझे मत आहे.

येत्या वर्षी आणखी दोन ज्येष्ठ विश्वस्त निवृत्त होणार असून त्या जागांसाठीचा कागद फलकावर लागला आहे. आपल्या भागातील कोणाला पाणीपुरवठ्याच्या कामाचा अनुभव असेल, किंवा दिव्यांगांच्या सोयींची जाण असेल, तर त्यांनी जरूर अर्ज करावा. अर्ज संस्थेच्या कार्यालयात सकाळी सात ते नऊ या वेळेत मिळतो, आणि सोबत मागील तीन बैठकांचे इतिवृत्त वाचायला देतात. देणगी देणाऱ्यांनी पावती घेताना रक्कम कोणत्या कामासाठी आहे ते स्पष्ट लिहून घ्यावे. माझ्या यंदाच्या पावतीवर मी 'स्वच्छतागृहाची पाण्याची टाकी' असे लिहून घेतले आहे. पूर्वेकडच्या वाटेवर जूनमध्ये ताम्हणाची नवी रोपे लावली गेली. मोजून बारा आहेत, आणि आजच्या सकाळपर्यंत बाराही हिरवी आहेत.